गच्चीची हरकत

९ जानेवारी
पांडूतात्या चहाच्या आधीच गच्चीवर. नारायणगावच्या आडत्याला फोन, टोमॅटोचा भाव विचारायला. आवाज असा की फोन नसता तरी आडत्याला ऐकू गेलं असतं. अख्ख्या वाडीत रेंज एकाच जागी येते: माझ्या गच्चीवर, टाकीच्या उजव्या हाताला, कठड्याला पोट टेकून उभं राहिलं की.
उतरताना म्हणाला, "भाऊ, जिन्याला कठडा लावा राव. एखादं म्हातारं गडगडंल."
"तुमच्याशिवाय कोण म्हातारं येतंय?"
"म्हनून तर सांगतोय."

१० जाने.
संध्याकाळी शेजारच्या इंदूबाई. लेक सुरतेला दिलीय. रोज दिवस मावळायच्या आत येतात, बिबट्याचं भ्या. "जेवली का? काय केलं व्हतं?" मी खाली खुर्चीत पेपर धरून. ऐकत नसतो. आज सुरतेत वांग्याचं भरीत.
मीही भरीत केलं. एकट्याला वांगं लहान लागतं. एवढं लहान बाजारात ठेवत नाहीत.

१४ जाने.
संक्रांत. जो फोनला आला त्याच्या हातावर तिळगूळ. डबा रिकामा. वर्षातला बरा दिवस.
हिचा फोन नाही. ही पुण्यात असते. भांडण नाही, नुसती तिकडे असते. चार दिवसांसाठी गेली होती, ते चार दिवस चालूच आहेत.
रेंज नसेल. (दुपारभर टाकीपाशीच होतो.)

२१ जाने.
सरपंच आणि टॉवर कंपनीचा माणूस. त्याने हेल्मेट चहा पितानासुद्धा काढलं नाही. गच्ची मोजली. इथे अँटेना बसवायच्या म्हणतात. उंच टॉवर नाही, छोटे खांब. पण नियम फार: इमारत भार पेलेल याचा दाखला, ग्रा.पं.चा ना हरकत दाखला, खोडदच्या रेडिओ दुर्बीणवाल्यांची परवानगी, घरमालकाने स्वहस्ते लिहून दिलेली संमती. शिवाय बांधकाम परवानगीतलं हवं.
वरची खोली ग्रा.पं.च्या नोंदीत नाही. म्हणजे मी इतकी वर्षं जिथे झोपतो ती जागा अस्तित्वातच नाही. सरपंच म्हणाले, "त्ये आपण नियमित करून घिऊ." या वयात मला कोणीतरी नियमित करणार.
"मंग घराघरात रेंज. कुनाला तुमचा जिना चढाया नको."
मी म्हटलं, "वा." दुसरं काय म्हणणार.

२३ जाने.
'आता गच्चीवर कोणी येणार नाही.' हे वाक्य मंचरच्या साप्ताहिकातल्या सदरासाठी लिहून पाहिलं. सदर विनोदी आहे. वाक्य खोडलं.
मग दुर्बीण आठवली! गच्चीवरून दिसतात त्या थाळ्या, आभाळाकडे तोंड करून बसलेल्या. फार लांबचं, फार हळू काहीतरी ऐकतात, म्हणून आसपास कोणी मोठ्याने बोलायचं नाही. मोबाइलचा खांब त्यांना विचारल्याशिवाय उभा राहत नाही. ते नाहीच म्हणणार. माझ्या वतीने विज्ञान हरकत घेईल, मी चारचौघांत हळहळेन.
झोप छान लागली.

५ फेब्रु.
तात्या : "दुर्बीनवाल्यांचं काय झालं?"
मी : "तारे फार लांब असतात तात्या. त्यांचं ऐकायला शांतता लागते."
"आडत्या पन लांबच हाय की."
तात्या भिंतीला धरून उतरला.
इंदूबाई कालही नाहीत, आजही नाहीत. मी टाकीपाशी असताना सुरतेहून लेकीचा माझ्याच फोनवर फोन. "काका, आई का येत नाय?" निरोप द्यायला गेलो. बाई ओट्यावर, गुडघ्याला रुईचं पान बांधून.
"जिना न्हाई चढवत आता. घरात रेंज आली म्हंजी पोरीचा आवाज तरी कानावर पडंल. तुमच्या सहीवर आडलंय म्हनं?"
"छे. दुर्बीणवाल्यांकडे अडलंय."
खोटं नाही. अजून तरी.

१९ फेब्रु.
दुर्बीणवाल्यांचं उत्तर आलं. सरपंचांनी उभ्याने वाचून दाखवलं. हरकत नाही! अटी तेवढ्या : खांब बुटके, ताकद कमी, अँटेनांची पाठ दुर्बिणीकडे, तोंड वाडीकडे. इतका समजूतदार कागद सरकारात मी पाहिला नव्हता. नेमका आत्ताच निघायचा होता.
ग्रा.पं.ची हरकत नाही. विज्ञानाची नाही. उरलो मी. "तेवढं तुमच्या हातानं लिवून द्या," सरपंच म्हणाले, "माझी हरकत नाही म्हनून."
गाण्यात हरकत म्हणजे गवयाने मधेच घेतलेली छोटीशी मजा. कचेरीत हरकत म्हणजे दुसऱ्याची मजा बंद. माझी यातली कोणती...

२१ फेब्रु.
हेल्मेटवाला खोलीचं माप घ्यायला आला. सहज विचारलं, माझ्या खोलीत रेंज कशी राहील?
हसला. "खरं सांगू का सर, तुमच्याच घरात कमी राहील. अँटेना लांब फेकते. पायाखाली नाय."
म्हणजे वाडीत सगळ्यांना रेंज, माझं घर सोडून. हे सदरात घातलं तर संपादक म्हणतील, ओढूनताणून आणलंय.
इंदूबाईंना सांगितलं. गुडघा विसरून हसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "मंग या की आमच्या वट्यावर फोनला. दिवस मावळायच्या आत या पन."
"मला कोणाचा फोन येतोय, बाई."
"न्हाई आला तरी या. मी कुटं इचारते कुनाचा हाय त्ये."

२२ फेब्रु.
कागद टेबलावर. तात्या सकाळी वर ओरडून गेला, भाव उतरलाय.
कालचं 'या की' खरं होतं, की बोलायची रीत? आपल्याकडे दार लावता लावतासुद्धा 'या की' म्हणतात. आणि जाऊन बसायचं म्हटलं तर काय बोलायचं? इतकी वर्षं लोक माझ्या जिन्याने आले, मी कोणाच्या ओट्यावर गेल्याचं आठवत नाही. निरोपाची गोष्ट वेगळी.
लिहायला बसलो. 'माझी हरकत' इथवर अक्षर चांगलं आलं.
उठून वर गेलो. टाकीपाशी रेंज भरपूर. फोन गप्प. पलीकडे थाळ्या एकदम वळत होत्या, कोणीतरी हाक मारल्यासारख्या. खाली ओट्यावर इंदूबाई शेंगा फोडत बसलेल्या. वर बघितलं नाही.
दिवस मावळायला अजून वेळ आहे.