सात नंबरची डिश

३ नोव्हेंबर
काहून वाचून राहिला तू? वही माझी आहे. बरं, वाच. पण भैरवी येडी झाली असं आधीच ठरवून बसू नको.

आज लॅबमध्ये पहिला दिवस. जरीपटक्यात खोलीबी भेटली, दोन दारांची, हवेशीर. एकदम खूश आहे मी! उन्मेष सरांनी मायक्रोस्कोपखाली मेंदूच्या चेतापेशी दाखवल्या, बारीक मुळ्या फुटल्यासारख्या. त्यांच्या मधात मायक्रोग्लिया. माझ्यासोबतची हर्षा म्हणे, हे मेंदूचे चौकीदार. कचरा उचलते, जंतू आला की धावते. पण भडकले तर असं काही विष सोडते की चांगल्या चेतापेशीबी मरते. मेलेली पेशी निळा रंग पिते. त्या निळ्या मोजणं, हे माझं काम.

७ नोव्हेंबर
त्याच पेशी वाढवलेल्या दहा डिश, वरती नुसते नंबर. प्रत्येकीत एकेकाच्या रक्ताचं सीरम, म्हणजे रक्तावरचं पिवळं पाणी, टाकते. कोणाचं, ते मोजणाऱ्याले सांगत नाही. नाही तर डोळे पाहिजे तेच पाहते. मेंदूच्या आजाराच्या पेशंटचे सहा, अन् निरोगी म्हणून आम्हा स्टाफचे चार. माझं रक्त काढताना हर्षानं टोमणा मारला, तुही शीरबी तुह्यासारखीच भित्री हाये वं!

१५ नोव्हेंबर
सात नंबर निळीशार. चौकीदार फुगून गोल झालेले. हर्षानं वेगळं मोजलं, तरी तेच. सर हळहळले, या पेशंटचं कठीण दिसते.

१८ नोव्हेंबर
यादी उघडली. सात म्हणजे मी.
हर्षा हसली, लेबल बदललं असन. कोण बदलन? रक्त तिनंच काढलं होतं.

२६ नोव्हेंबर
पुन्हा रक्त दिलं. लेबल मीच लावलं. पुन्हा निळी.
सर म्हणते, डिशमध्ये झालं ते डोक्यात होतेच असं नाही. मग दोघं कुजबुजते काहून?

२९ नोव्हेंबर
माझी गल्ली सापडली नाही. हर्षानं दारापर्यंत सोडलं. पत्ता मी तिले कधी सांगितला? सांगितला का?

१ डिसेंबर
दुपार. दोघं दारात. एमआरआय करून आणू म्हणते. हर्षा ओरडून राहिली, उघड वं, मदतीलेच आलो —
चेतापेशीबी हाक मारते. मदतीलेच येते ते चौकीदार. अन् मग जित्या पेशीलेच —
कडी हलली. तू मधात बोलू नको. मी मागच्या दारानं चाल