सत्त्याऐंशी पायऱ्यांच्या खाली उभी असलेली गाडी

तीर्थरूप काशीदादा यांच्या चरणी धाकट्या हैबतीचा दंडवत. (चरण फक्त मायन्यात, पुढे तू म्हणणार. लहानपणापासून तूच म्हणत आलो. आता अकरा वर्षांच्या अबोल्यानंतर एकदम 'आपण' म्हटलं तर तुला वाटेल की हा काहीतरी मागायला आलाय. तसं काही नाही.) इकडे सर्व खुशाल. तुझी साखर, वहिनींचा दमा आणि भांडुपच्या खोलीची गळती तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. फोनच केला असता, पण माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस. पत्राचं बरं असतं. चुलतभावाचं पत्र न वाचता फाडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पत्रास कारण की, मी गाडी घेतली. चारचाकी. हसून झालं की पुढे वाच.

कारण तुझी भावजय रंगू. तीन वर्षांपूर्वी पोलादपूरच्या स्टँडवर तिने एसटीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि गुडघ्याने कायमचा संप पुकारला. (त्या पायरीची उंची ज्याने ठरवली त्याच्या घरात बायकामाणसं नसावीत.) कंडक्टरने वरून ओढलं, मी खालून ढकललं, आणि अर्ध्या स्टँडने सल्ला दिला. शेवटी तिने ड्रायव्हरला हात करून बस सोडायला सांगितली आणि कशीबशी, बसत-उठत घरी आली. तेव्हापासून वाडीच्या बाहेर पडलेली नाही. तिची थोरली बहीण वरंधला वर्षभर अंथरुणाला खिळली आहे. दोघी रोज संध्याकाळी फोनवर बोलतात. थोरलीला ऐकू येत नाही आणि धाकटीला हळू बोलता येत नाही, त्यामुळे वरंधच्या त्या घरातली प्रत्येक भानगड आमच्या अख्ख्या वाडीला तोंडपाठ आहे. गेल्या महिन्यात थोरली म्हणाली, "रंगे, तुझं तोंड बघून गेले असते तर बरं झालं असतं." त्या दिवशी रंगू पहिल्यांदा हळू बोलली. दादा, ते मला सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी महाडला नासिरच्या गॅरेजात हजर.

नासिर तुला आठवत असेल. एमआयडीसीत माझ्याबरोबर रात्रपाळ्या केल्या, मग मस्कतला जाऊन वीस वर्षं गाड्यांखाली झोपून परत आला. त्याला मी माझी गरज सांगितली: महिन्यातून एकदा वरंध, दोनदा महाडचा डॉक्टर, बाकी दिवस झाकून ठेवायची, स्वस्त पाहिजे आणि घाटात रडायला नको. तो म्हणाला, "हैबती, इंजिन मागनं बघू. आदी गाडीला पोहता येतं का त्ये बघू." महाडात जुनी गाडी बघण्याची हीच रीत झालीय. पूर येऊन गेल्यापासून इथे कोणी मायलेज विचारत नाही, पाणी कुठवर आलं होतं ते विचारतात. आणि विकणाऱ्या प्रत्येकाची गाडी नेमकी पुराच्या दिवशी सासुरवाडीला, उंचावर उभी होती. त्या दिवशी महाडकरांच्या सासुरवाड्यांत माणसांना उभं राहायला जागा नसणार.

पहिली गाडी लाल. मालक गोड बोलणारा, त्याचीही गाडी सासुरवाडीलाच होती. नासिरने सीटचा पट्टा धरला आणि विहिरीतून पोहरा ओढावा तसा ओढत राहिला. गाडी धुणारे पट्टा पुसतात, पण शेवटचा हातभर कोणी पुसत नाही. तिथे सुकलेला गाळ होता. नासिरने तो बोटावर घेऊन मालकाला दाखवला आणि सासुरवाडी सावित्रीच्या पात्रात आहे का, असं अगदी अदबीने विचारलं. आम्हाला चहा न मिळता निघावं लागलं.

दुसरी, आखातातल्या एका माणसाची. नऊ वर्षांत अकरा हजार किलोमीटर. पुण्याहून आमचा साहिल फोनवर ओरडला, बाबा, एवढी कमी चाललेली परत मिळणार नाही, घेऊन टाका. (पोरगा गाड्यांचे व्हिडिओ बघतो, स्वतः बसने फिरतो.) ताडपत्री काढली तर मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. तिने आमच्याकडे असं बघितलं की मीच माफी मागितली. बॉनेटखाली उंदरांनी वायरी कुरतडलेल्या, टायर चालण्याआधीच भेगाळलेले. नासिर म्हणाला, कमी चाललेली आणि अजिबात न चाललेली यांत फरक आहे, आणि ह्या गाडीची मालकीण ती कोंबडी आहे.

तिसरी मिळाली ती पोलादपूरच्या राजश्री मॅडमची. मॅडम निवृत्त होऊन लेकीकडे चाललेल्या. सर्व्हिसिंगचा प्रत्येक कागद तारखेप्रमाणे फायलीत, वर खाकी कव्हर, कव्हरवर लेबल. पट्टा शेवटपर्यंत स्वच्छ, डिकीतल्या जादा चाकाखाली मातीचा कण नाही. नासिर तरी हट्टाने बोगदा सोडून तिला कशेडीच्या जुन्या घाटात घेऊन गेला. ऐन चढावर थांबवली, हँडब्रेक लावला, खाली उतरून गाडीकडे पाठ करून बिडी ओढली. (मी आत होतो. मला विचारलं नव्हतं.) गाडी तसूभर मागे आली नाही. एसी लावून परत चढवली, तरी दमली नाही. आणि आता माझी हुशारी ऐक. रंगूच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत मापलेली सुतळी मी खिशात घेऊन फिरत होतो. प्रत्येक गाडीच्या सीटला लावून बघायचो. लाल गाडी चार बोटं खाली, कोंबडीच्या गाडीत कोंबडीने मापू दिलं नाही, आणि मॅडमच्या गाडीत सुतळी जमिनीपासून सीटपर्यंत बरोब्बर. नासिरसारखा माणूससुद्धा म्हणाला की मस्कतच्या शेखांनी एवढा विचार केला नव्हता. भाव ठरला. एमआयडीसीचे जे काही फंडाचे राहिले होते ते गेले, त्याचं दुःख नाही.

गुरुवारी नासिरने गाडी आणून वाडीत चढणाऱ्या पाखाडीच्या पायथ्याशी उभी केली. अख्खी वाडी खाली उतरली. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. आता ओवाळायला मालकीण पाहिजे म्हणून सगळ्यांनी वळून वर बघितलं. रंगू पाखाडीच्या वरच्या टोकाला, हातात आरतीचं ताट, एक हात खांबाला. नवं लुगडं नेसलेली. आणि आमच्या दोघांच्या मधे सत्त्याऐंशी दगडी पायऱ्या.

दादा, मी शपथेवर सांगतो, त्या क्षणापर्यंत मला त्या पायऱ्या दिसल्या नव्हत्या. एसटीच्या तीन पायऱ्या तीन वर्षं डोक्यात होत्या, पण ह्या पायऱ्यांवर जन्म गेला, त्यांना कोण पायऱ्या समजतो? गाळ बघितला, उंदीर बघितले, सुतळी लावली, आणि बायको गाडीपर्यंत यायची कशी ते राहिलं. वाडीतल्या एकाही शहाण्याला सुचलं नाही. नासिर तर दर खेपेला त्याच पायऱ्या चढून, धापा टाकत, आमच्याकडे चहा पिऊन गेलेला. रंगूने वरूनच ताट ओवाळलं आणि अख्ख्या दरीला ऐकू जाईल असं म्हणाली, "गाडी बरी हाय वो! आता गाडीपातूर यायला दुसरी घ्या!"

प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी खाली न्यायची, असं ठरलं. खुर्ची आली, चौघं आले. रंगूने खुर्चीकडे बघितलं, चौघांकडे बघितलं आणि घरात गेली. आमच्या वाडीतून चौघं माणसाला उचलून खाली नेतात ते एकदाच, आणि ते मी जिवंतपणी करणार नाय, असं तिने चुलीला सांगितलं. चौघांनी रिकामी खुर्ची उचलून परत नेली. तेव्हापासून गाडी खाली, रंगू वर. दर सकाळी मी उतरतो, गाडी पुसतो, आत बसून हॉर्न वाजवतो. वरून रंगू ताटली वाजवते. असा आमचा प्रवास चालू आहे.

वहिनींना नमस्कार. पथ्य सांभाळ.

तुझा,
हैबती

ता. क. सहज आठवलं म्हणून लिहितो. अकरा वर्षांपूर्वी तू डोंगरामागून वाडीत रस्ता आणायचा म्हणून वाडीच्या मुंबई मंडळातर्फे कागद केला होतास. सगळ्यांनी सह्या केल्या, माझी राहिली, कारण रस्त्यात माझा फणस जात होता. देवळात भर बैठकीत मी म्हणालो होतो, आमच्या घरात कुणाला गाडी घ्यायची हाय? हे वाक्य वाडीने जपून ठेवलंय. गुरुवारपासून लहान पोरंही मला ऐकवतात. तो कागद तुझ्याकडे असेल तर पाठव. (तू तिसरीचं प्रगतीपुस्तकही जपून ठेवणारा माणूस.) मी सही करतो.

दुसरा ता. क. फणस काल तोडला. आता मागे फिरणं नाही, म्हणजे तुझी खात्री पटेल.

तिसरा ता. क. भावोजी, मी रंगू लिवतेय. ह्ये पाकीट चिकटवायला मला देऊन गाडी पुसायला गेलेत. फणस तोडलेला नाय. कुऱ्हाड घेऊन गेले नि सावलीत बसून घरी आले. तो तुमच्या वडलांनी लावलेला, ह्यांच्या बारशाला. म्हणून तवा सही केली नाय, पन बैठकीत तसं बोलायची लाज वाटली, नि गाडीचं तोंडाला आलं त्ये बोलून गेले. झाडाला वळसा घालून रस्ता जातो. मी वरनं रोज बघते, चार हात जागा तुमच्या खाचरातनं लागते. तेवढी मागायला ह्यांना होत नाय म्हनून कोंबडीचं नि सुतळीचं पुरान लावलंय. द्यायची तर द्या, नसली द्यायची तरी एकदा येऊन नाय म्हना. माजी भैन वाट बघते. येताना लायसन आना. बत्तीस वर्सं सायबाची गाडी चालवलीत. ह्यांना गाडी चालवता येत नाय.