खुंटीवरची दगडाची बाई

कर्जत, ४ मार्च १९४६
हे लढाईवरून आले त्याला आठवडा होत आला. बोलणं एवढंच: पाणी दे, दार लोट. आज ट्रंकेतून जाड कागदावरचं चित्र काढून खुंटीला अडकवलं. इटलीतल्या कुठल्याशा देवळातली दगडाची बाई, मांडीवर मेलेला तरणा मुलगा. म्हणाले, "हिच्यापुढं मी रडलो." मी यांना रडताना कधी पाहिलेलं नाही. दगडाचा हेवा वाटला, खोटं कशाला लिहू.

६ मार्च
शाळेत शिकवून आल्यावर चित्र नीट पाहिलं. कपाळ मोकळं, नाक परकं, देव आपला नाही. तरी नजर निघेना. पदराच्या चुण्या दगडात कशा काढल्या असतील? सुंदर ते साऱ्या मुलखांत सुंदरच असणार. यांना तसं म्हटलं, तर मान वर करून माझ्याकडे पाहिलं. भाकरीही जास्त खाल्ली.

९ मार्च
सासूबाई काष्टीहून आल्या. थोरले भावजी तापानं गेले ते त्यांच्याच मांडीवर. वाटलं, आता डोळ्याला पदर लागणार. हे शेजारी उभे, ताटकळलेले. सा.बां.नी चित्र उजेडात नेलं, लांब धरलं, जवळ धरलं.
"लई देखनी हाय. पर ह्ये खोटं हाय. पोर गेलेल्या बाईचं तोंड असं नसतंय."
हे निघून गेले. मला सा.बां.चा भयंकर राग आला. यांचं तोंड जरा उघडत होतं, त्यावर पाणी.

१० मार्च
सकाळी हे आपणहून आईजवळ ओट्यावर जाऊन बसले. मी चुलीपाशी.
"खरं हाय तुझं, आये. बॉम्ब पडल्याल्या गावात तशी बाई बघितली. तोंडाकडं बघवंना. मागनं देवळात ही दिसली."
पुढे बराच वेळ बोलत होते. सा.बा. नुसत्या "व्हय" म्हणत. दूध उतू गेलं, जाऊ दिलं.
म्हणजे खऱ्या तोंडाकडे पाहवलं नाही, म्हणून सुंदर तोंडापुढं रडता आलं? मग त्या दिवशी मी 'सुंदर ते सुंदरच' म्हटलं ते...

१४ मार्च
सा.बा. परत गेल्या. खुंटी मोकळी. यांना विचारलं. आईनंच मागून घेतलं म्हणे, लुगड्याच्या घडीत ठेवून नेलं.
खोटं म्हणाल्या आणि नेलं कशाला?
"म्या न्हाई इचारलं," म्हणाले. खुंटीकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. "तुला काय वाटतं?"
आल्यापासून मला विचारलेली ही पहिली गोष्ट. अजून उत्तर दिलेलं नाही. यांनी पुन्हा विचारावं असं वाटतं.