भिंतीवरचे तीन हात

३ मार्च
स्वयंपाकघरात परत ओल. भिंतीला बोट लावलं तर दगडाची वाळूच हातात आली. दोन हात जाडीची भिंत, आणि भुरभुर गळतेय! सुहास असता तर टॉर्च घेऊन तासभर तिथेच उकिडवा बसला असता. हे घर म्हणजे त्याचं खूळ. जर्मनीत आल्यापासूनचा नेकारसुल्म शहरातला फ्लॅट काय वाईट होता? पण नाही, साहेबांना खेड्यातलं दगडी घर हवं, कमानीचं दार हवं. आणि स्वतः ऑक्टोबरात गेला निघून, कायमचा.

६ मार्च
गवंडी आले, फोग्ट म्हणून. भिंत ठोकून ठोकून ऐकली. कमानीपाशी थबकले. "हे सिमेंट कुणी लावलं?"
सुहासने. वास्तुशांतीला हळद-कुंकवाचे हात उठवायचे होते, खडबडीत दगडावर उठेनात. मग पठ्ठ्याने आदल्या रविवारी गुळगुळीत गिलावा केला, पुण्यात करतात तसा. त्यावर आम्हा तिघांचे हात.
फोग्ट म्हणाले, जुन्या चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटने ती आत कोंडली. काढलं नाही तर कमान जाईल.
विचारलं, हातांसकट अख्खा तुकडा निघेल? नाही. भुगाच होणार.

७ मार्च
सासूबाईंना फोन. "अहो आई, कमान पडेल हो."
"पडू दे. माझ्या मुलाचा हात आहे तो."
दोघीही रडलो. मग त्यांनीच विचारलं, जेवलीस का.

११ मार्च
ईराला सांगितलं. उत्तर नेहमीसारखं जर्मनमध्ये: बाबाला घर उभंच हवं असणार. आणि दार आपटून वर.
थोड्या वेळाने पाहते तर पोरगी भिंतीपाशी. स्वतःच्या जुन्या ठशावर तळवा ठेवून. मावत नाही आता. बाबाच्या हाताला नाही शिवली. मीही नाही शिवत. कुंकू उडालंय, हळद तेवढी आहे. त्याची वाकडी करंगळीसुद्धा उठलीय.
फोटो काढले. फोटोत नुसता पिवळा डाग.

१४ मार्च
फोग्टना म्हटलं, खिडकीकडून सुरू करा. दुपारी माझा हात गेला. मग ईराचा. पुढे त्यांनी छिन्नी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं. "मॉर्गन?"
हो, उद्याच करा, म्हटलं. जा.
आता भिंतीवर तो एकटाच राहिलाय. उद्या आधी चहाला बसवणार फोग्टना. पोहेही करते. तेवढाच वेळ...