म्हाताऱ्यांचा वाटा

॥ श्री ॥
मालवण,
६ ऑक्टोबर २०२५

चि. किशोरीस ताईचे अनेक आशीर्वाद. विशेष.

तुझं पत्र पोचलं. पेन्शनीतल्या महागाई भत्त्याचा फरक मिळाला आणि तू न्हाणीघरात गिझर बसवलास, बटण दाबलं की गरम पाणी, हे वाचलं. वाचून आनंद झाला असं लिहिणार होते, पण एकोणसत्तराव्या वर्षी खोटं कशाला लिहायचं? पोटात दुखलं. मी अजून झावळ्या आणि करवंट्या पेटवून पाणी तापवते आणि डोळे चोळत अंघोळ करते.

आता इकडची बातमी. रापणीतला म्हाताऱ्यांचा वाटा बंद करायचं घाटतंय. पिंगुळीला राहून तू रापण विसरली असशील, म्हणून लिहिते. होडी जाळं टाकून येते, दोन्हीकडून माणसं दोर ओढतात, मासळी वाळूवर आली की वाटे पडतात. जाळ्याचा, होडीचा, देवाचा, ओढणाऱ्यांचा आणि शेवटी ज्यांनी जन्मभर ओढलं, पण आता हात चालत नाहीत, त्यांचा. ते नसले तर त्यांच्या विधवेचा. आमच्या रापणीचा म्होरक्या बाबली तांडेल तुकारामाचो वाटो म्हणून पुकारतो आणि मी पाटी घेऊन पुढे होते. हे जाऊन चार वर्षं झाली, पण किनाऱ्यावर त्यांचं नाव अजून घेतलं जातं. ती पाटी माझी असते. त्यातलं मी विकेन, खाईन, नाहीतर मांजराला घालीन. सुनेकडे हात पसरावा लागत नाही.

आणि हा वाटा बंद करा म्हणून सभेत ठराव कोण आणतोय? माझा निकेत! पोटचा पोर. जेवता जेवता सांगितलं त्याने, माझ्याच वाट्यातला बांगडा ताटात असताना. मी पुढचा घास गिळला नाही.

तुझं बरं आहे गो. सत्यवानभावोजी गेले तरी एक तारखेला पैसे खात्यात. तुझ्या पेन्शनीवर कोणी हात वर करून मत देत नाही. तुला दहावी करताना मासळीची पाटी माझ्या डोक्यावर होती हे लक्षात असू दे. बापूंनी मला सातवीतून काढलं नसतं तर आज गिझर माझ्याकडे असता.

फोन करू नकोस. फोनवर बोललं की सगळं घर कान देऊन ऐकतं. पत्रच लिही. राग आला तरी माया कमी करू नकोस.

तुझी ताई

॥ श्री ॥
पिंगुळी,
१४ ऑक्टोबर २०२५

ती. प्रेमाताईस किशोरीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. गिझरबद्दल लिहिलं ही चूकच झाली. पुढच्या वेळी लिहीन की छप्पर गळतंय, म्हणजे तुझं पोट दुखायचं थांबेल.

ताई, पाटीचं तू मला दर पत्रात ऐकवतेस. मी नाकारत नाही. पण तुझ्या दाराशी ताजी मासळी येते, आणि माझ्याकडे येते ती तिसऱ्या हाताची. सकाळी उठल्यापासून तुझ्या घरात कोणीतरी बोलत असतं. तुझी सून समीक्षा स्वयंपाकघरात, तिची पोर अंगणात, निकेत जाळं विणताना शिव्या घालतोय. माझ्या घरात मी टीव्ही लावते तेव्हा आवाज होतो. भांडायला माणूस हवा असेल तर मला आमच्या दारावरून जाणाऱ्या पाववाल्याला थांबवावं लागतं.

पेन्शन ह्यांच्या तेहतीस वर्षांच्या नोकरीची आहे. ती कोणी उपकार म्हणून देत नाही. तशीच भावोजींची रापण. तू सभेत जा आणि हक्काने बोल. आमच्याकडे कार्यालयात कागद पुढे केला की माणसं नरमतात.

माझा धनेश बरा आहे. खारेपाटणला मास्तरांना शाळेची कामं फार असतात म्हणे. दसऱ्याला आला नाही, दिवाळीला बघू म्हणाला. चकल्या मात्र मी करणार आहे. तुझ्यासाठी एसटीतून पाठवीन, सुनेला दाखवू नकोस.

प्रकृतीला जप. टोचून लिहीत असलीस तरी लिहीत राहा.

तुझी किशोरी

॥ श्री ॥
मालवण,
२७ ऑक्टोबर २०२५

चि. किशोरीस ताईचे आशीर्वाद.

चकल्या पोचल्या. तेल जरा जास्त झालंय. सुनेला दाखवल्या नाहीत, पण तिने वासावरून ओळखलं आणि चार नेल्या.

सभा नऊ नोव्हेंबरला, तुळशीची लग्नं उरकल्यावर. म्हाताऱ्यांचे वाटे चौदा आणि दोराला माणसं उरली आहेत बावीस. एके काळी साठ होती. मतं प्रत्येक वाट्याला एक. म्हणजे आम्ही हरणार हे सातवीतून काढलेल्या बाईलाही कळतं. मी घरोघर फिरले. राधाबाई खाटेवर आहे, तिचं मत तिचा भाचा देणार. हौसाबाई मात्र हसत होती. तिच्या मुलाने पर्यटकांसाठी चार खोल्या काढल्यात, वाटा गेला तरी तिच्या गळ्यातली सोन्याची माळ जात नाही. अशा बाईला वाटा कशाला हवा? माझा ठेवा, तिचा काढा, असं मी बाबलीला सांगून आले. तो डोकं खाजवत बसला.

निकेतचं म्हणणंही लिहिते, नाहीतर तू म्हणशील ताईने एकच बाजू सांगितली. तो म्हणतो, गो आये, मासळी अर्ध्यावर इली, दोर तेवढोच जड आसा. आम्ही रगत आटवतो आणि वाटे करताना निम्मी मासळी बसलेल्यांका जाता. माझ्या पोरीच्या दुधाचा काय? आणि शेवटी म्हणाला की गोव्याच्या ट्रॉलरवर महिन्याचो पगार गावता. ठराव झाला नाही तर तो आणि आणखी तिघे लगेच जाणार. मी म्हटलं जा. तोंडातून गेलं खरं.

समीक्षा ताटं उचलत होती. तिच्या ओठांवर हसू होतं. ठराव झाला की तिची पाटी वाढणार ना! माझ्या लग्नात सासूचा वाटा आधी, मग दिराचा, मग माझ्या पुढ्यात डोकी आणि काटे. आता माझी पाळी आली तर म्हणे पोरांचे दिवस. मी तरुण होते तेव्हा म्हाताऱ्यांचं राज्य होतं, म्हातारी झाले तर तरुणांचं. माझं राज्य कधी होतं ते मला कोणीतरी दाखवावं.

एक काम कर. तू शिकलेली, कार्यालयातल्या माणसाची बायको. मला एक झकास अर्ज लिहून पाठव, हक्क, न्याय वगैरे शब्द घालून. बाबली वाचून घाबरला पाहिजे.

आणि धनेश दिवाळीला आला की नाही ते तू चकल्यांबरोबरच्या चिठ्ठीत लिहिलं नाहीस. फराळाची यादी लिहिलीस, पावसाचं लिहिलंस. मी आंधळी नाही. काय झालंय ते सांग.

ममता आहे म्हणून विचारते, नाक खुपसायला नाही.

तुझी ताई

॥ श्री ॥
पिंगुळी,
३ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस नमस्कार.

अर्ज लिहायला बसले होते. दोन ओळी लिहिल्या आणि फाडल्या.

धनेश आला नाही. गणपतीला आला होता तेव्हा आमचं वाजलं. मी पेन्शनीतून त्याच्या मुलाला सायकल घेऊन देते म्हटलं. त्याने नको म्हटलं. मी विचारलं का, तर बोलायला लागला आणि थांबेचना. म्हणाला, बाबांच्या वेळच्या नोकरांका मरेपर्यंत पेन्शन, मागसून बायकोक. आमच्या पगारातसून दर महिन्याक कापतत आणि बाजारात लावतत, म्हातारपणी काय गावात ता कोणी सांगूक शकणा नाय. तुझी पेन्शन माझ्या करातसून जाता आणि त्याच पेन्शनीतसून तू माझ्या झिलाक सायकल देतलस, आणि मी तुझो उपकार मानूचो. असं बोलला, ताई. मी चिडून म्हटलं, माझ्या तोंडचा घास काढतोस का? तो उठला, चप्पल घातली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी वाटलं, त्याचं अगदीच चूक नाही. पण करू काय? मी पेन्शन नको म्हटलं तर ती धनेशला थोडीच मिळणार आहे? मला वाद घालायला समोर माणूसच नाही. कागद वरून येतो, पैसे वरून येतात, आणि पोर मात्र माझ्यावर रुसतो.

तुला हे लिहिलं नाही, कारण तू खूश होशील असं वाटलं. आता लिहितेच आहे तर सगळं लिहिते. मला तुझा हेवा वाटतो. तुझा मुलगा तुझ्या तोंडावर बोलतो, तुझ्याच ताटाशी बसून बोलतो, आणि सभेत पुन्हा बोलणार आहे. तुझ्या हातात मत आहे. भांडून झाल्यावर तो तुझ्याच ओटीवर झोपतो. त्याला गोव्याला जा म्हणून सांगायला तुझी जीभ झडली कशी नाही?

रागावू नकोस. रागावलीस तरी लिही.

किशोरी

॥ श्री ॥
मालवण,
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय किशोरीस,

आशीर्वाद देण्याइतकी मोठी मी आज नाही, म्हणून नुसतंच लिहिते. तुझं पत्र वाचून आधी खरंच थोडं बरं वाटलं. खोटं बोलत नाही. म्हटलं, गिझरवालीच्या घरातही धूर आहे. मग दोन दिवस जेवण गेलं नाही. निकेत ओटीवर झोपलेला बघितला की तुझी रिकामी ओटी दिसायची.

सभा देवळाच्या मंडपात झाली. निकेतने ठराव मांडला. माझ्याकडे बघत नव्हता. म्हातारे भडकले, कोणी खुर्ची आपटली, हौसाबाई रडली. मग मी उठले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. म्हटलं, बसून मिळणारो वाटो माका नको. पण जो म्हातारो दोराक हात लावीत, त्याका अर्धो वाटो देवा. बाई असली तरी. माणसं हसली. बाबली म्हणाला, वयनी, दोर वडताना पडशात. मी म्हटलं, कसालच्या बाजारात पन्नास वर्षां पाटी न्हेलंय, तेव्हा खंय पडलंय? दोराला माणसं कमी म्हणता ना, मग ही घ्या. निकेतने सगळ्यांच्या आधी हात वर केला. ठराव तसा बदलून पास झाला.

आता वाईट तेही लिहिते. चौदांपैकी आम्ही सहा जणच दोराला जाऊ शकतो. आठ जणांचे वाटे गेले. हौसाबाई माझ्याशी बोलत नाही, त्याचं मला काही नाही. पण राधाबाई खाटेवरून कुठे येणार? तिचा वाटा मी घालवला. माझ्यातले चार बांगडे घेऊन गेले, तर तिने घेतले, पण भिंतीकडे तोंड करून. हे मला सुचायला हवं होतं, तेव्हा सुचलं नाही. पुढच्या सभेत खाटेवरच्यांचं बोलणार आहे. तोवर माझ्या पाटीतलं तिला नेणार, तिने बघितलं नाही तरी. निकेत गोव्याला गेला नाही. त्या तिघांतला एक गेला.

काल ठरावानंतरची पहिली रापण झाली. माझ्या पुढे समीक्षा होती, पदर खोचून, तीही पहिल्यांदाच, दोराला म्हातारी चालते तर सून का नाही म्हणून. मध्येच वळून म्हणाली की आये, नुसतो हात ठेवा, मी वडतंय. मी ऐकलं नाही. तळहात सोलवटलेत, अक्षर वाकडं येतंय ते त्यामुळे. वाटे पडले तेव्हा तिच्या पूर्ण वाट्याकडे माझे डोळे गेलेच. तिच्यात सुरमई आली आणि माझ्यात नाही.

मग बाबली पुकारायला लागला. मी तुकारामाच्या नावाची वाट बघत उभी. तो म्हणाला, प्रेमलतेचो अर्धो वाटो. मी जागची हलले नाही. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा समीक्षाने कोपराने ढकललं.

किशोरी, पन्नास वर्षं मी ती मासळी डोक्यावरून नेली, विकली, घर चालवलं, आणि किनाऱ्यावर नाव नेहमी ह्यांचं. मी तुझा हेवा केला, समीक्षाचा केला, हौसाबाईचाही केला. पण पाटी उचलताना कळलं की सगळ्यात जास्त हेवा मी माझ्या नवऱ्याचा केला, आणि तो मेल्यावरही केला. ठराव झाला तेव्हापासून त्यांचं नाव तिथे कोणी घेत नाही. मला रडू यायला हवं होतं. घरी येऊन त्यांच्या फोटोसमोर बसले, माफी मागायला तोंड उघडलं, आणि मला हसू फुटलं.

धनेशला तू बोलावू नकोस, तूच खारेपाटणला जा. त्याच्या ताटाशी बसून भांड. नंतर इकडे ये, मासळी माझ्या वाट्यातली घालीन.

उद्या पुन्हा रापण आहे. बाबलीचा आवाज जरा बारीक पडतो, म्हणून मी पुढच्या रांगेत उभी राहणार आहे.

तुझीच,
ताई