पिवळ्या साटिनवरची करंगळी

ऑल्बनी, ९ मार्च १८९३

डेलिया, माझ्या लेकी,

तुझी पाठ कशी आहे? ओवेनचा खोकला बंदरावरच्या गारठ्यात वाढला नाही ना? नेलचे पुढचे दात आले का? धाकट्या मार्टिनचं पोट आता ठीक असेल. आणि तुझ्या सासूबाईंचे गुडघे? मी विचारलं म्हणून सांग त्यांना. नाताळच्या पत्रात ओवेनने सगळ्यांचं लिहिलं होतं. तुझ्या हातचं काही नव्हतं. तुला सवड कुठली, असं मी मनाशी म्हटलं.

इथे सगळं ठीक. पिठाच्या पोत्यांवरची अक्षरं वाचून लिहायला शिकलेली मी, तेव्हा चुकांना हसू नकोस. नवी स्वयंपाकीण पाव करपवते आणि दोष भट्टीला देते. व्हॅन डॉर्नांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलंय, म्हणून दिवाणखान्यातल्या तसबिरी साफ करायला चित्रकार आलाय.

तर त्या तसबिरीचंच लिहायला बसले होते, आणि घसरले पावावर.

काल तो बाईसाहेबांच्या मोठ्या तसबिरीपुढे उभा राहिला. पिवळ्या साटिनच्या झग्यातली, तीच. म्हणाला, "करंगळी वाकडी काढलीय बघा. आधीच्या चित्रकाराचा हात घसरला असणार. दोन फटकाऱ्यांत सरळ करून देतो."

"करा हो एकदाची!" बाईसाहेब म्हणाल्या.

माझ्या हातात चहाचा ट्रे. तोंडातून निघून गेलं, "नको! ती माझ्या डेलियाची करंगळी आहे."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! मग नऊ वर्षांपूर्वीचं सगळंच सांगितलं. बाईसाहेबांना एका जागी बसायचा कंटाळा. चेहरा रंगवून झाल्यावर त्या समुद्रावर निघून गेल्या. झगा घालून बसायला कुणीतरी हवं, असं त्या वेळच्या चित्रकाराने मला म्हटलं, आणि मीच तुला बसवलं. "बस गं, तेवढाच पायांना आराम," म्हणाले होते. अन् त्या अचानक परतल्या. "माझा झगा हिला कुणी दिला?" चित्रकार नुसता ब्रश पुसत राहिला. आणि मी, तुझी आई, म्हणाले, "मला ठाऊक नाही, बाईसाहेब."

तू माझ्याकडे पाहिलंस. संध्याकाळी तुझी पेटी दाराबाहेर. नऊ वर्षं ते शब्द माशाच्या काट्यासारखे माझ्या घशात आहेत.

बाईसाहेबांनी तसबिरीजवळ जाऊन करंगळी निरखली. मग म्हणाल्या, "म्हणजे होनोरा, पाहुणे चित्र बघून माझ्या हातातही वाकडी करंगळी शोधतात म्हणून मी घरातसुद्धा हातमोजे घालते, ते तुझ्या पोरीपायी?"

"तिच्यापायी नाही, बाईसाहेब. माझ्यापायी."

हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि चित्रकाराला म्हणाल्या, "राहू दे तशीच." माझ्या चाकरीचं लग्नानंतर बघू म्हणतात. बघोत.

पण हे तेव्हा, तुझ्यासमोर बोलायला हवं होतं. तोंडाने म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून कागदावर म्हणते. माफ कर, पोरी.

रोज सकाळी त्या तसबिरीवरची धूळ मीच पुसते. करंगळीपाशी फडकं हळू होतं. तू पाच वर्षांची असताना ती दारात चेंगरली होती ना, तेव्हा फुंकर घालायचे, तसं.

लवकर पत्र लिही. दोन ओळी पुरेत. पण ओवेनला लिहायला लावू नकोस. तुझ्या हाताने लिही.

वाट बघणारी,
तुझी आई