आईचा रुश्निक आणि माझं खोटं

आई, आज तुझा रुश्निक घेऊन दुबईला जाऊन आले. तिथल्या काही, तुझ्यासारख्याच युक्रेनियन बायका घरोघरच्या जुन्या वस्तूंचे फोटो काढतात, त्यांच्या गोष्टी रेकॉर्ड करून संग्रहात ठेवतात आणि वस्तू आपल्याला परत देतात. तुझ्या आईनं लाल धाग्यानं भरलेला तो लांब पंचा बघून त्यातल्या एकीला रडूच फुटलं गं. डोळे पुसत तिनं विचारलं, "लग्नात नवरानवरी यावर उभे राहतात. तुम्ही राहिलात ना?" मी म्हटलं, "हो." धडधडीत खोटं!

लग्नाच्या आदल्या दिवशी, पुण्यात, तू एवढंच मागितलंस, "क्षणभर उभे राहा दोघं, बास." तुझं मराठी तोवर माझ्या पुणेरी आजीपेक्षा ठसकेबाज झालं होतं. आणि मी खेकसले, "आपल्याकडे असल्या कापडावर पाय देत नाहीत, आई. लोक काय म्हणतील!" आपल्याकडे म्हणे, आणि तेही तुला! दुसऱ्या दिवशी भटजींनी अंतरपाट मागितला, तर तू पुढे होऊन रुश्निकच त्यांच्या हातात दिलास. "पाय नको तर नको, मध्ये तरी धरा." मंगलाष्टकं होईपर्यंत मी तुझ्या आईची लाल फुलं बघत उभी होते. दुसरी कुणी असती तर रुसून बसली असती. तू वाट काढलीस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहूनच गेले, ते आज मानते.

परतताना गाडीत लेक म्हणाली, "मम्मा, दॅट्स नॉट ट्रू. मी लग्नाचा व्हिडिओ बघितलाय."

"जाऊ दे गं, झालं ते खलास."

"नो! आजीनं काय केलं ते कुणाला कळणारच नाही मग. यल्ला, टर्न बॅक."

कार्टी तुझ्यावर गेलीय. शारजात, अल मजाजला घराखाली पोचलेली गाडी मी वळवली. त्या बाई सामान आवरत होत्या, तरी त्यांनी पुन्हा रेकॉर्डिंग लावलं. मी अंतरपाटाचं सगळं सांगितलं. मग त्यांनी सहज विचारलं, "पण उभ्या का नाही राहिलात?" "आमच्यात तशी रीत नाही" हे अगदी ओठांवर आलं होतं. लेक माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "सासरच्यांसमोर मला माझ्या आईची लाज वाटली."

हे आता तिथं कायमचं राहील. तुला मात्र मी ते कधी सांगितलं नव्हतं.